एसीएल तुटलं की लगेच ऑपरेशन? हौशी खेळाडूने आधी तीन महिने व्यायाम करून पाहावा

डावा विंगर

आठवड्यातून दोनदा फुटबॉल खेळणारा माणूस, वय ३६. चौदा महिन्यांपूर्वी चेंडू अडवायला वळलो, बूट जमिनीत रुतला, वरचं शरीर फिरलं आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. तासाभरात गुडघा टम्म. एमआरआयमध्ये एसीएल (मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं गुडघ्यातलं बंधन, म्हणजे लिगामेंट) पूर्ण तुटलेलं, मेनिस्कस (सांध्यातली गादी) शाबूत. तिसऱ्या आठवड्यात मी ऑपरेशनच्या टेबलावर होतो.

डॉक्टरांनी काम नीट केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या घाईबद्दल. टेबलावर गेलो तेव्हा गुडघ्यात सूज होती, पाय पूर्ण सरळ होत नव्हता आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा प्रयत्न केला की नुसता थरथरायचा. असा गुडघा ऑपरेशनला नेला की तो आखडायची भीती जास्त असते, हे मला मागाहून कळलं. शेवटचे पाच अंश सरळ व्हायला साडेचार महिने गेले. पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण पाय पूर्ण सरळ होत नसला की माणूस लंगडतो, लंगडला की मांडी भरत नाही आणि मांडी भरली नाही की पुढचं सगळंच अडतं.

नंतर वाचलं की स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांचे दोन गट करून अभ्यास झाला होता. एका गटाचं लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याचा आधी फक्त व्यायाम आणि गरज वाटली तरच ऑपरेशन. २०१० साली निकाल छापून आला. दोन वर्षांनी दुखणं, हालचाल, खेळ, रोजचं जगणं यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. थांबलेल्या ५९ जणांपैकी २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, बाकीच्यांना ते लागलं नव्हतं. शिवाय ऑपरेशन केल्याने पुढे गुडघा झिजायचा टळतो, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

म्हणून माझं मत: एकटं एसीएल तुटलं असेल आणि खेळ हा तुमचा चरितार्थ नसेल, तर तीन महिने मन लावून व्यायाम करा आणि मग ठरवा. तुटल्या आठवड्यात भीती आणि सूज दोन्ही ताजी असतात. त्या अवस्थेत तारीख घेऊ नका.

शटल

पूर्ण असहमत. तुमच्यासारखंच वाचून मी थांबलो होतो.

बॅडमिंटन, वय ३१. पाचव्या महिन्यात मागच्या कोपऱ्यातून परतताना गुडघा सटकला. या वेळी मेनिस्कस फाटलं, बादलीच्या कडीसारखा तुकडा सांध्यात अडकला आणि पाय सरळच होईना. एसीएलचं ऑपरेशन करावं लागलंच, वर मेनिस्कसचा मोठा तुकडा कापून काढावा लागला. मेनिस्कसला रक्त फक्त बाहेरच्या कडेला पोचतं, त्यामुळे आतल्या भागाला टाके घालून सहसा उपयोग होत नाही, असं मला समजावलं. एसीएल नवीन बसवता येतं. काढून टाकलेली गादी परत येत नाही. ते नुकसान मी आयुष्यभर वागवणार आहे.

आणि त्याच स्वीडिश अभ्यासात पाच वर्षांनी थांबलेल्यांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. तुम्ही म्हणाल निम्मे वाचले. मी म्हणतो निम्म्यांचा वेळ गेला. ब्रिटनमध्ये ३१६ जणांचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये आला, त्यात ऑपरेशनवाल्यांचे गुडघे स्पष्टपणे सरस ठरले.

डावा विंगर

तुमच्या मेनिस्कसबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तो ब्रिटिश अभ्यास ताज्या दुखापतींचा नव्हता. त्यात घेतलेले लोक दुखापत जुनी होऊनही गुडघा डळमळतोय म्हणून आलेले होते. ज्यांचा गुडघा डळमळतच राहिलाय त्यांनी ऑपरेशन करावं, हे मलाही मान्य आहे.

शटल

पण आपला गुडघा डळमळणाऱ्यांतला आहे की सावरणाऱ्यांतला, हे पहिल्या महिन्यात कळतं कुणाला? मला कळलं ते सटकल्यावर. तोवर गादी गेली होती.

फिजिओ ताई

बारा वर्षं हेच काम करतेय म्हणून मधे बोलते. शटल, एक विचारू का? पाचव्या महिन्यात तुम्ही कोर्टवर कसे होतात?

शटल

हलकं खेळत होतो. दुखत नव्हतं. कुणी नको म्हटलं नव्हतं.

फिजिओ ताई

तेच मला भीतिदायक वाटतं, आणि दोष तुमचा नाही. एसीएल नसलेला गुडघा सरळ रेषेत चालताना, सायकलवर, जिन्यावर छान वागतो. हे बंधन नडगीला पुढे सरकण्यापासून आणि आतल्या बाजूला फिरण्यापासून रोखतं. ते नसल्याचं कळतं गिरकी घेताना, एका पायावर उतरताना, अचानक दिशा बदलताना. दुखत नाही म्हणजे सावरलं, असा लोकांचा समज होतो. निर्णय होईपर्यंत गिरकीचे खेळ बंद, ही अट कुणी ठणकावून सांगत नाही. तुमचं नुकसान थांबण्यामुळे झालं की थांबण्याच्या काळात खेळल्यामुळे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

विंगर, तुमच्या ‘तीन महिने’लाही माझा आक्षेप आहे. काही गुडघ्यांच्या बाबतीत थांबायचंच नसतं. गुडघा अडकून बसलाय, सरळच होत नाही. मेनिस्कस टाके घालण्याजोगं फाटलंय. एकाहून जास्त लिगामेंट गेलीत. किंवा साधं घरात चालतानाही गुडघा दगा देतोय. अशा लोकांनी तुमचा धागा वाचून तीन महिने घालवले तर?

बाकीच्यांना मी सांगते: सूज जाऊ द्या, पाय दुसऱ्या पायाइतका सरळ होऊ द्या, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आणा, मग एका पायावर उडी मारून अंतर मोजू. या काळात गुडघा एकदा जरी पूर्ण सटकला तरी पुन्हा डॉक्टरांसमोर बसायचं. हे कुणाचं सहा आठवड्यांत होतं, कुणाचं चार महिन्यांत. शेवटी ऑपरेशन ठरलं तरी ही मेहनत फुकट जात नाही, कारण त्याच मांडीवर पुढचं सगळं उभं राहतं.

डोंगरवाट

माझं वय ४७, सहा वर्षांपूर्वी तुटलं, ऑपरेशन केलं नाही. डोंगर चढतो, सायकल चालवतो, दहा किलोमीटर पळतो. बास्केटबॉल सोडला. पहिलं वर्ष मैदानावरून जाताना मान वळवायचो. आता नाही. आठवड्यातून दोन दिवस मांडीचे व्यायाम आजही चुकवत नाही.

हँडबॉल_७

डोंगरवाट, तुम्ही समाधानी आहात हे छान. पण ‘सोडून द्या’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की चीड येते. ‘तू काय ऑलिंपिकला जाणार आहेस?’ हौशी आहे म्हणजे खेळ कमी महत्त्वाचा असं कुणी ठरवलं? मी २४ वर्षांची आहे. आठवडाभर काम करते ते शनिवारच्या सामन्याकडे बघून. मला दिशा बदलत, उडी मारत खेळायचं होतं म्हणून मी ऑपरेशन केलं, आणि पुन्हा करीन.

फक्त त्या आधी सहा आठवडे व्यायाम केला, त्यामुळे पाय सरळ होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी टाच उशीवर, गुडघ्याखाली काहीच नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की इतकं बरं वाटतं की उठवत नाही, आणि तिथेच पाय वाकलेला राहायची सवय लागते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला हातभर जागा बधिर झाली, घाबरले, मग कळलं की त्वचेची एक बारीक नस ऑपरेशनच्या छेदाजवळून जाते, असं बऱ्याच जणांना होतं. ग्राफ्ट (एसीएलच्या जागी बसवायचा दोर) माझ्याच हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा. तिसऱ्या महिन्यात एकदम मोकळं वाटायला लागलं, जिने धावत चढले. फिजिओ ओरडली. बसवलेला स्नायुबंध सुरुवातीच्या महिन्यांत आधी कमजोर होतो, मग त्यात नव्याने रक्तवाहिन्या वाढतात आणि तो हळूहळू लिगामेंटसारखा होतो. गुडघ्याला बरं वाटतं तेव्हा आतला दोर सगळ्यात कच्चा असू शकतो.

सहाव्या महिन्यात संघातून विचारणा सुरू झाली. मी नाही म्हटलं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ जणांच्या अभ्यासात दिसलं होतं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता जवळपास निम्म्याने घटली. ताकदीच्या आणि उड्यांच्या सगळ्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा इजा झाली, चाचण्या पार करून गेलेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पंचविशीच्या आत खेळात परतणाऱ्यांत पुन्हा एसीएल जायचं प्रमाण चारात एकाच्या जवळ जातं, कधी त्याच पायाचं, कधी दुसऱ्या. हे आकडे छापून मी कपाटाला चिकटवले होते. विनेश फोगटचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये झालं आणि वर्षाच्या आत ती पॅरिसच्या मॅटवर होती, हे मला रोज कुणीतरी ऐकवायचं. तिचं कौतुक आहेच. पण बरं होणं हेच तिचं दिवसभराचं काम होतं. आपण आठ तास खुर्चीत बसून संध्याकाळी थकलेल्या पायाने व्यायामाला जातो.

शटल

हँडबॉल_७ शी सहमत. आणि मनाचं कुणी बोलत नाही. माझा गुडघा चाचणीत पास झाला तरी मागच्या कोपऱ्यात पाय टाकताना अंग आकसतं.

फिजिओ ताई

त्यालाही मोजायची प्रश्नावली आहे, शटल. ऑपरेशननंतर कुठल्या तरी खेळात परतणारे शंभरात ऐंशीच्या घरात असतात, पण आधीच्याच पातळीला पोचणारे साधारण पासष्ट. न पोचलेल्या बऱ्याच जणांचा गुडघा ठीक असतो, भीती जात नाही. माझ्याकडे त्याच कोपऱ्यात आधी चालत, मग सावकाश, मग शटलशिवाय, मग शटल घेऊन जायचं असतं. पंधरा दिवसांत होत नाही.

मुलीची आई

हे सगळं वाचून गोंधळले आहे. मुलगी १७ वर्षांची, बास्केटबॉल. तीन आठवड्यांपूर्वी तुटलं. ती म्हणते उद्या ऑपरेशन करा, मला पुढच्या मोसमात खेळायचंय. थांबावं का?

डावा विंगर

ताई, माझं मत तुमच्या मुलीसाठी लिहिलेलं नव्हतं, आणि हे मी वरती लिहायला हवं होतं. त्या स्वीडिश अभ्यासात तिच्या वयाचं कुणीच नव्हतं. माझ्यासारख्या तिशी ओलांडलेल्यासाठी जे बोललो ते सतरा वर्षांच्या मुलीला जसंच्या तसं लावू नका.

फिजिओ ताई

सतरा वर्षं, गिरकीचा खेळ आणि तोच पुढे खेळायची इच्छा. इथे माझा कल ऑपरेशनकडे आहे. पण उद्या नको. आधी सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे. सर्जनना विचारा: मेनिस्कस कसं आहे, ग्राफ्ट कुठला घेणार आणि का. दात्याचा ग्राफ्ट इतक्या लहान वयात जास्त वेळा तुटतो, तेव्हा तिच्याच शरीरातला घेणार ना, हे नक्की विचारा. पुढच्या मोसमाचं वचन तिला कुणी देऊ नये. नऊ महिने हा कमीत कमी काळ धरा, त्या पुढे चाचण्या.

हँडबॉल_७

आणि तिला सरावाला जाऊ द्या. बाकावर बसून गुण लिहू दे, काहीही करू दे. मला पहिले दोन महिने घरात ठेवलं होतं, गुडघ्यापेक्षा त्याचा त्रास जास्त झाला.

शटल

‘तीन महिने’ या शब्दांना माझा विरोध कायम आहे. शीर्षक वाचून लोक निघून जातात, खालच्या अटी वाचत नाहीत. मीही वाचल्या नव्हत्या.

डावा विंगर

मान्य. शीर्षक बदलता येत नाहीये, म्हणून इथेच लिहितो: गुडघा अडकत असेल किंवा मेनिस्कस टाके घालण्यासारखं असेल तर थांबू नका. थांबणार असाल तर कोर्ट आणि मैदान बंद, दुखत नसलं तरी. वय कमी असेल तर हिशेब वेगळा. तिसऱ्या आठवड्यात सुजलेला गुडघा घेऊन टेबलावर जाऊ नका, एवढ्यावर मात्र मी ठाम आहे.

शटल

एवढ्यावर मीही सहमत. तुमचा गुडघा आता कसा आहे?

डावा विंगर

मांडीचा घेर अजून दीड सेंटिमीटर कमी. ताकद ८८ टक्के, एका पायाची उडी ८६. सरळ रेषेत पळतो, चेंडू घेऊन अजून वळलेलो नाही. गुरुवारी पुन्हा मोजणार आहेत.