ग्राफिक्स कार्ड घरीच बसवलंत? मग काय काय झालं ते सांगा

पेठकर
गेल्या रविवारी सहा वर्षं जुन्या डेस्कटॉपात आरटीएक्स ३०६० बसवलं. व्हिडिओत सगळे सांगतात, दहा मिनिटांचं काम. पोहे खाऊन बसलो आणि उठलो तेव्हा वरण-भात गार झाला होता.

कार्ड बसलं, स्लॉटचा खटका 'टक' वाजला, पंखे फिरले. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. कार्ड काढून पुन्हा बसवलं. रॅम काढून खोडरबराने पुसली. बायको म्हणाली, "दुकानात न्या की." म्हणजे आता मागे हटणं शक्यच नव्हतं. शेवटी सातवीतली धाकटी मागे वाकून म्हणाली, "बाबा, वायर जुन्याच जागी आहे." मॉनिटरची केबल मदरबोर्डला, नवीन कार्डाची भोकं रिकामी! कार्ड लागलं की मदरबोर्डचं डिस्प्ले पोर्ट बहुतेक वेळा आपणहून झोपतं, हे मला तेव्हा कळलं.

तर आपापले अनुभव लिहा. कुठलं कार्ड भारी यावर वाद नकोत, फक्त बसवतानाचं सांगा. फजिती असेल तर आधी.

कर्वेनगरची आर्किटेक्ट
माझं नेमकं उलटं. जुनं कार्ड मेलं, तेही सबमिशनच्या दोन दिवस आधी. म्हटलं, कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावू, रेंडर नाही तर निदान ड्रॉइंग तरी उघडतील. पडदा काळा तो काळाच. मदरबोर्डही गेला म्हणून मी रडकुंडीला आले. नंतर समजलं, माझा प्रोसेसर १२४००एफ. त्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ असा की आत ग्राफिक्स नाहीच. दुकानदाराने 'थोडा स्वस्त पडेल' इतकंच सांगितलं होतं, आणि तेही खरंच होतं म्हणा.

भावोजींच्या माळ्यावरून जीटी ७१० काढून आणलं आणि दोन दिवस भागवलं. ते कार्ड मी अजून परत केलेलं नाही. ते हे वाचत नसावेत.

टूलरूम आजोबा
वय ६७. भोसरीत टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या मापावर माझा विश्वास नाही. नातवाच्या कॅबिनेटवर लिहिलं होतं, ३०० मिमीपर्यंतचं कार्ड बसेल. कार्ड २९२. नातू खूश. मी पट्टी लावली. ते ३०० मिमी समोरचा पंखा न धरता मोजलेले. पंखा २५ मिमी जाड, म्हणजे उरले २७५. सतरा मिमीने गाडी अडली.

पंखा पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला, दर्शनी जाळीच्या आत सरकवला. तेवढ्याने भागलं नाही, हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येत होता. तो चार रिव्हेटवर होता. ड्रिलने रिव्हेटची डोकी उडवली. हे करण्याआधी मदरबोर्ड बाहेर काढा, नुसता कागद झाकून चालत नाही. लोखंडाचा कीस कुठे जाऊन बसेल आणि कधी शॉर्ट करेल याचा नेम नसतो. कार्ड जड असल्यामुळे पुढच्या टोकाला झुकत होतं, म्हणून १२ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या दांडीचा टेकू लेथवर करून आणला, वर रबराची चकती. नातू म्हणतो बाजारात दीड-दोनशेला मिळतो. मिळू दे.

बारा व्होल्ट
पेठकर, सहा वर्षं जुनं मशीन म्हणता, एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तोच ठेवलाय का? विचारतोय कारण मीही तेच कार्ड, तसंच जुन्या मशीनमध्ये लावलं होतं. डेस्कटॉप छान चालायचा. गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला मशीन आपोआप रिस्टार्ट. ड्रायव्हर तीनदा टाकला, विंडोज नव्याने टाकलं, सगळं झालं.

मग एसएमपीएसचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५०. खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर दोघांच्या कामाचे वॉट १९२, आणि ३०६० एकटंच १७० मागतं. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टमध्ये दाखवून फुगवलेला. त्याचा कार्डाला काय उपयोग?

हिशोब सोपा आहे. स्लॉट ७५ वॉट देतो, ६ पिनची वायर ७५, ८ पिनची १५०. म्हणून १०५० टीआय किंवा साध्या १६५० ला बऱ्याचदा वेगळी वायर लागत नाही, ७५ मध्ये भागतं. त्यापुढे गेलात की एसएमपीएसचं लेबल आधी वाचायचं. मी ५५० वॉटचा घेतला, १२ व्होल्टवर ४५ अँपिअरवाला. त्यानंतर एकदाही रिस्टार्ट नाही.

वाकडवाला
याला जोडून माझं दुःख. मीही नवीन एसएमपीएस घेतला, मॉड्युलर, म्हणजे वायरी दोन्ही टोकांना सुट्या होणारा. जुनाही मॉड्युलरच होता आणि त्याच्या वायरी कॅबिनेटमागे इतक्या सुबक बांधल्या होत्या की म्हटलं त्याच राहू देत, टोकं तर बसतायत. बसली. बटण दाबलं आणि दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते. मुलीच्या बारशाचे फोटो बहिणीकडे होते म्हणून वाचले.

वाड्यातला
आमच्याकडे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. लहानपणापासून सवय, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. नवीन कार्ड बसवलं आणि मशीन चालू असतानाच त्याची एचडीएमआय टीव्हीला लावायला गेलो. बारीक ठिणगी उडाली आणि ते पोर्ट कायमचं बंद. डिस्प्लेपोर्ट वाचलं, त्यावर चालतंय.

वायरमन आला, त्याने कॅबिनेटला टेस्टर लावला, दिवा पेटला. सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यामागे वायरच नव्हती! त्याने समजावलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो, तो अर्थिंगने जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर लटकत राहतो. टीव्हीला केबलवाल्याच्या वायरीतून वाट मिळालेली, म्हणून दोघं भेटले तिथे ठिणगी. तपकीर गल्लीतून सामान आणलं, अंगणात तुळशीपासून हातभर लांब खड्डा घेतला, पाइप, मीठ, कोळसा. घरमालकाची परवानगी मिळवायला मात्र तीन आठवडे लागले. त्यावर वेगळं लिहिता येईल.

कॉटबेसिसवाला
मी विद्यार्थी, बजेट नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर आकडेमोड करून ते आभासी चलन कमावणं, संपलं आणि जुन्या कार्डांचा पूर आला, त्यात एक आरएक्स ५८० घेतलं. बसलं, चित्र आलं, पण ड्रायव्हर टाकला की एरर. विकणाऱ्याने फोन उचलणं सोडलं. दोन रात्री गेल्या. रूममेटला कार्डाच्या कडेला तांदळाएवढा स्विच दिसला. काही कार्डांवर दोन बायोस, म्हणजे कार्ड चालवणारे आतले प्रोग्रॅम, असतात. एका बाजूचं मायनिंगसाठी बदललेलं होतं, दुसरं मूळचं शाबूत. मशीन बंद करून स्विच सरकवला, ड्रायव्हर मुकाट बसला. मग कार्ड उघडून चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. जुनी पेस्ट चुन्यासारखी वाळलेली होती.

सिंहगड रोड
ऑफिसने काढून टाकलेला बुटका डेस्कटॉप घेतला असेल तर नेहमीचं कार्ड त्यात उभं राहत नाही. अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाइल मागा, आणि कार्ड मागच्या बाजूला कसायची छोटी पट्टी खोक्यात आहे का ते दुकानातच बघा. मी घरी येऊन बघितलं.

पेठकर
बारा व्होल्ट, तुमचं वाचून पाठीमागून टॉर्च मारला. माझ्या एसएमपीएसवर ३८ अँपिअर आहेत. हुश्श.

नवीन सभासद
कार्ड कालच आलंय, ३०६०च. आत्ता लेबल वाचलं. १४ अँपिअर. खोका परत चिकटवून कपाटात ठेवलाय. आईला वाटतंय मी ते परत करणार आहे.

पेठकर
एसएमपीएस आणलात की सांगा. केबल कुठे लावायची ते बघायला धाकटीला पाठवतो.