वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, मग रिपॉझिटरी कशाला?

ताळगावकर: काल इथे एका सरांनी लिहिलं, की आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या एकत्रित वर्गणीतून सुमारे १३,००० जर्नल्स मिळतात, तेव्हा ग्रंथपालांनी रिपॉझिटरीसाठी, म्हणजे संस्थेच्या सर्वांना खुल्या ऑनलाइन लेखसंग्रहासाठी, ‘लेख द्या, लेख द्या’ म्हणून मागे लागणं बंद करावं. वाचून डोकं फिरलं. सरकारने ६,००० कोटी २०२५ ते २०२७ एवढ्यासाठीच मंजूर केलेत, पुढे काय? आणि ती सोय सरकारी संस्थांपुरती. खाजनाच्या (खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर, मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) सरांनीच लिहिलेला पेपर दिवाडीच्या शेतकऱ्याने कुठून वाचायचा? दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था आपले पेपर रिपॉझिटरीत ठेवते. आपल्यालाच काय जड जातं?

फोंड्याचा मास्तर: मीच लिहिलं, आणि परत लिहीन. तास, पेपर तपासणी, नॅकचं मूल्यांकन, त्यात हे. प्रमोशनच्या फॉर्ममध्ये याला एक गुण नाही. एम्बार्गो, म्हणजे लेख खुला करण्याआधी थांबायची प्रकाशकाची मुदत, किती महिन्यांचा, हे प्रकाशकांचे नियम दाखवणाऱ्या ओपन पॉलिसी फाइंडरवर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) कोण बघत बसणार?

म्हापशाची ग्रंथपाल: बघायला आम्ही आहोत ना! फाइल मागितली की तुम्ही लोक जर्नलची छापील पानांची पीडीएफ पाठवता. ती बहुतेक प्रकाशकांना चालत नाही. रेफरींच्या (लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या) दुरुस्त्यांनंतरची तुमची वर्ड फाइल लागते, आणि ती कायम सहलेखकाकडे असते. तीच पीडीएफ रिसर्चगेट या संशोधकांच्या साइटवर मात्र बिनदिक्कत चढवता.

फोंड्याचा मास्तर: तिथे दोन मिनिटांत चढते आणि लोक वाचतात. आमच्या ग्रंथालयाला मेल केली तर महिनाभर उत्तर नाही. आणि ग्रंथपालांचे स्वतःचे लेख कुठे आहेत? तुमच्या ग्रंथालयशास्त्रासाठी ई-लिस ही रिपॉझिटरी २००३ पासून उघडी आहे.

म्हापशाची ग्रंथपाल: उत्तर कोण देणार? आमच्याकडे साहाय्यकाची जागा भरलीच नाही. देवघेव, कॅटलॉग, नॅकची आकडेवारी, सगळं माझ्या एकटीवर. भरतीबद्दल प्राध्यापकांपैकी एकाने तरी तोंड उघडलं का? ई-लिसचं मात्र खरं आहे. आमच्यातले कित्येक जण परिषदेत ओपन ॲक्सेसवर (सर्वांना मोफत वाचनावर) निबंध वाचतात आणि तोच छापील अंकात गाडून टाकतात. मलाही याची चीड आहे.

पेडण्याचा निवृत्त: भरतीवर वेगळं भांडा. निवृत्तीबरोबर माझं लॉगिन गेलं. स्वतःचाच जुना पेपर प्रकाशक मला डॉलरमध्ये विकतो आहे! पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर, त्यांच्या ऑनलाइन भांडारात, दिसतात ते सक्ती आहे म्हणून. सक्तीशिवाय आपला माणूस हलत नाही.

फोंड्याचा मास्तर: सक्ती केलीत तर लोक नुसता गोषवारा चढवून मोकळे होतील. आधी गुण द्या.

ताळगावकर: गुणांना माझी ना नाही. पण डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या, पैशांतून झालेला पेपर रिपॉझिटरीत ठेवायचा, हे धोरण २०१४ चं आहे. तुमचा प्रकल्प कुणाच्या पैशांतला?

फोंड्याचा मास्तर: डीएसटीच्याच. ठीक आहे, खाजनाची वर्ड फाइल सोमवारी ग्रंथालयात देतो. एम्बार्गो मात्र त्यांनीच बघायचा.