स्टारलायनर रिकामं येऊन सुखरूप उतरलं, मग तो निर्णय चुकला का?

निळीशाई (धागाकर्ती):
नासाचे अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "यान तर रिकामं येऊन व्यवस्थित उतरलं, मग या दोघांना नऊ महिने वर का ठेवलं?" मला यामागचा विचारच धोकादायक वाटतो, म्हणून धागा काढते आहे.

५ जून २०२४ रोजी बोइंगचं स्टारलायनर यान या दोघांना घेऊन उडालं, पहिल्यांदाच माणसं घेऊन. मुक्काम साधारण आठ दिवसांचा ठरला होता. दुसऱ्या दिवशी अंतराळ स्थानकाजवळ पोहोचताना यानाची दिशा सांभाळणाऱ्या २८ छोट्या थ्रस्टरपैकी पाच बंद पडले. थ्रस्टरकडे इंधन ढकलणाऱ्या हेलियमची गळती होतीच. चार थ्रस्टर पुन्हा चालू झाल्यावर यान जोडलं गेलं. नंतर तसाच एक थ्रस्टर जमिनीवर चालवून पाहिला, तर तापल्यावर आतलं टेफ्लॉनचं सील फुगून इंधनाची वाट अडते असं दिसलं. २४ ऑगस्टला नासाने सांगितलं, यान रिकामं परत येईल. ते ६ सप्टेंबरच्या रात्री न्यू मेक्सिकोत अलगद उतरलं. दोघं मात्र १८ मार्च २०२५ ला स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून परतले, एकूण २८६ दिवसांनी.

यान उतरलं म्हणजे ते उतरणारच होतं, असं होत नाही. २४ ऑगस्टला जे माहीत होतं त्यावरच या निर्णयाचा न्याय व्हायला हवा.

उत्तरायण:
असहमत. तुम्ही जमिनीवरची चाचणी सांगितलीत, वरची गाळलीत. जुलैअखेर यान स्थानकाला जोडलेलं असताना २८ पैकी २७ थ्रस्टर चालवून पाहिले, आणि त्यांचा जोर जवळजवळ पूर्ववत होता. बोइंगचा भरवसा त्यावर होता.

शिवाय धोका टळला नाही, त्याची फक्त जागा बदलली. स्टारलायनर गेलं ६ सप्टेंबरला, आणि या दोघांसाठी दोन आसनं रिकामी ठेवून निघालेलं पुढच्या तुकडीचं, म्हणजे क्रू-९ चं ड्रॅगन पोहोचलं २९ सप्टेंबरला. मधले तीन आठवडे आणीबाणी आली असती तर? स्थानकावर असलेल्या आधीच्या तुकडीच्या, क्रू-८ च्या ड्रॅगनमध्ये चारच आसनं. त्यांच्या खाली, सामान बांधतात त्या जागेवर, या दोघांना पट्ट्यांनी आवळून आणायचं ठरलं होतं. स्टारलायनरचा अंतराळ पोशाख ड्रॅगनला जोडता येत नाही. सुनीताला बसेल असा एक ड्रॅगनचा पोशाख स्थानकावर होता, विल्मोरचा क्रू-९ सोबत यायचा होता. म्हणजे तोवर हा माणूस पोशाखाविना! याला सुरक्षित पर्याय म्हणायचं?

खडूफळा:
धागाकर्तीशी सहमत. २००३ च्या कोलंबिया स्पेस शटलच्या अपघातात कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फोम निखळून डाव्या पंखावर आदळला होता. फोम त्याआधीही अनेकदा निखळला होता आणि तरी यानं सुखरूप परतली होती, म्हणून तो प्रकार अंगवळणी पडला. कक्षेत असताना पंखाचे फोटो काढून घ्या असं अभियंते सांगत होते, ते झालं नाही. "मागच्या वेळी उतरलं होतं ना" या समजुतीची किंमत त्या सात जणांनी मोजली.

उत्तरायण:
कोलंबियाचं दुःख मलाही आहे. पण तिथे इशारा दाबला गेला. इथे तीन महिने सगळे त्याच प्रश्नावर बसले होते. आणि हे दोघं नौदलाचे चाचणी वैमानिक. १९८१ मध्ये नासाचे यंग आणि क्रिपेन तर आधी एकदाही न उडालेलं शटल घेऊन अंतराळात गेले. पूर्ण खात्री झाल्याशिवाय बसायचंच नाही म्हटलं, तर नवं यान कधीच माणूस नेणार नाही.

निळीशाई:
चाचणी वैमानिक धोका पत्करतात, पण तो किती आहे हे त्यांना सांगता तर यायला हवं. इथे तेच अडलं. सील फुगलं होतं तर वरचे थ्रस्टर पुन्हा नीट कसे चालले, याचं खात्रीचं उत्तर नव्हतं. परतताना कक्षेतून खाली येण्यासाठी मोठी इंजिनं पेटवायची, आणि ती त्याच बंदिस्त कप्प्यांत, या थ्रस्टरना खेटून. म्हणजे तापणं ठरलेलंच. हे थ्रस्टर असलेला मागचा भाग उतरण्याआधी सुटून वातावरणात जळतो, त्यामुळे नंतर उघडून पाहण्याचीही सोय नाही.

रशियाचं सोयूझ एमएस-२२ यान आठवा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं शीतक द्रव्य, म्हणजे यान थंड ठेवणारा द्रव, गळून गेलं. तेही रिकामंच आणलं, तेही नीट उतरलं, आणि त्यातून गेलेला नासाचा फ्रँक रुबिओ ३७१ दिवस वर राहिला. तेव्हा हा प्रश्न इतक्या जोरात कुणी विचारला नव्हता.

उत्तरायण:
उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. तिथे बदली सोयूझ फेब्रुवारीतच येऊन जोडलं गेलं, आणि खराब यान सुटलं २८ मार्चला. आधी नवी नाव, मग जुनी सोडली. इथे उलटा क्रम.

निळीशाई:
कारण या अमेरिकी यानांसाठी स्थानकावर डॉकिंग पोर्ट, म्हणजे यान जोडायच्या जागा, दोनच आहेत. एकावर क्रू-८, दुसऱ्यावर स्टारलायनर. ते हलल्याशिवाय क्रू-९ ला जागाच नव्हती. पण ते तीन आठवडे वाईट होते, हे मान्य.

उत्तरायण:
मग माझा राग त्या दिवशीच्या निर्णयावर नाही, असं म्हणतो. नवं यान पहिल्यांदा माणसं घेऊन निघणार हे आधीच ठरलेलं होतं. ते बिघडलं तर दोघं कशात बसून येणार, पोशाख कुठला घालणार, हे उड्डाणाआधी ठरायला हवं होतं. ते ठरलं नव्हतं, म्हणून आसनं नसलेल्या जागेवर माणसं बांधायचा बेत करायची वेळ आली.