पुण्याच्या परिषदेत सर्पदंशावर बोलायचंय, आणि आपण तोतया आहोत असं वाटतंय

सड्यावरची_डॉक्टर

सिंधुदुर्गातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर आहे. एमबीबीएस, पुढे एमडी झालं नाही. पुढच्या महिन्यात पुण्यात फिजिशियन मंडळींची परिषद आहे, तिथे पीएचसी पातळीवरच्या सर्पदंशावर मला 12 मिनिटं दिलीयत. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मी काहीतरी बोलले, ते एका सरांनी ऐकलं आणि परस्पर नाव देऊन टाकलं.

तेव्हापासून झोपेचं खोबरं. माझ्या आधी अतिदक्षता विभागाचे प्राध्यापक, माझ्यानंतर विषावर संशोधन करणाऱ्या बाई, मध्ये मी. फुरसं हा विषारी साप मी भरपूर बघितलाय. सड्यावर चिरे उचलताना, काजूखालचा पाला ओढताना चावतं. पण माझी विद्या म्हणजे रक्त गोठतंय का बघायची काचेची नळी, घड्याळ आणि एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं इंजेक्शन. रक्त गोठण्याची आयएनआर ही लॅबमधली तपासणी हवी तर पेशंट ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी. मग रात्री पेपर वाचत बसते आणि स्लाइड वाढत जातात. आता विषातल्या मेटॅलोप्रोटिनेज या एन्झाइमवरच तीन झाल्यात, ज्यातलं मला परवापर्यंत ओ की ठो कळत नव्हतं. पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांचा तोतयाही रत्नागिरीकडूनच निघाला होता, आणि पुण्यात त्याचं काय झालं ते ठाऊक आहेच. नवरा म्हणतो, उगाच टेन्शन घेतेस. बरं.

याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात हे मलाही माहितेय. उपाय सांगा. धडधड कमी करणारी प्रोप्रानोलॉलची गोळी घेऊन उभी राहिले तर?

निवृत्त_फिजिशियन_कोल्हापूर

डॉक्टरीणबाई, मेटॅलोप्रोटिनेजच्या तिन्ही स्लाइड आधी काढा. त्यावर प्रश्न आला आणि अडकलात, तर तो प्रश्न तुम्हीच आमंत्रण देऊन बोलावलेला असेल.

शहरातल्या आयसीयूत फुरशाचा पेशंट पोचतो तेव्हा बरेच तास उलटलेले असतात, एएसव्ही कुठेतरी सुरू झालेलं असतं. पहिला तास तुमच्या टेबलावर असतो. समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिलेला असेल. हिम्मतराव बावस्करांचं उदाहरण आपल्याच कोकणातलं. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे पेशंट येत; घामाने भिजलेले, हातपाय गार पडलेले, आणि मग फुप्फुसात पाणी. ते पेशंटजवळ बसून लक्षणं टिपत राहिले, आणि 1982 साली ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी विंचूदंशात वापरून दाखवली. हे सारं खाटेशेजारी बसून सुचलेलं आहे.

भूलतज्ज्ञ_नाशिक

आधी गोळीचं. दमा असेल तर प्रोप्रानोलॉलचं नावही नको. नाडी मुळातच मंद असेल तरी नको. बाकी, ओळखीच्या फिजिशियनला विचारून घ्यायचीच झाली तर आधी सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा, पहिला प्रयोग स्टेजवर नको. धडधड आणि हातांची थरथर थांबते. 'मी इथे कशाला' हा विचार मात्र तसाच राहतो, त्याच्यावर तिचा अंमल नाही.

क्लान्स आणि आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली इम्पोस्टरचं हे लिहिलं ते कर्तबगार स्त्रियांबद्दल. आजार म्हणून त्याची नोंद आजही नाही, तेव्हा उपचार शोधत बसू नका.

कोल्हापूरच्या सरांशी माझा थोडा मतभेद आहे. तुमची सगळीच भीती खोटी नाही. नळीत रक्त गोठतं का बघायच्या 20 मिनिटांच्या चाचणीवर प्रश्न येणार म्हणजे येणारच, कारण रक्त गोठण्यातला सौम्य दोष ती हुकवते. हे तुम्हीच आधी बोलून टाका. नळी काचेची, नवी, कोरडी हवी, साबणाने धुतलेली चालत नाही, प्लास्टिकची तर नाहीच, हेही सांगा. आणि एक वाक्य मोठ्याने म्हणून म्हणून जिभेवर बसवा: "ती तपासणी आमच्याकडे होत नाही, तुमच्याकडे अशा पेशंटमध्ये काय दिसतं?" आरशासमोर नको, घरच्यांसमोर म्हणा.

सड्यावरची_डॉक्टर

दमा नाही, पण गोळी राहू दे. तिन्ही स्लाइड काढल्या, जीव तुटला. आता उरल्यात पाच. 12 मिनिटं भरायची कशी?

रातपाळीची_सिस्टर_रायगड

मॅडम, मी डॉक्टर नाही, तरी लिहिते. एकच पेशंट घ्या आणि तो दारात आल्यापासून सांगा. जखमेतून रक्त झिरपतंय, हिरड्यांतून येतंय, नातेवाइकांनी वर करकचून दोरी बांधलीय. 2 मिली रक्त नळीत, 20 मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी केली की रक्त पाण्यासारखं सरकतं, तो फोटो मोठा करून लावा. तुमच्याकडे नसेल तर पुढच्या पेशंटला विचारून काढा, चेहरा न घेता.

त्यापुढचं जरूर सांगा. सहा तासांनी पुन्हा चाचणी करायची असते. रात्री दोनला ती नळी कोण बघतं? त्याच वेळी आत डिलिव्हरी चालू असते आणि सिस्टर एकच. घड्याळ लावायचं कोणी, नळीजवळून लोकांना हटवायचं कोणी, एवढं सांगायला लागलात तर 12 मिनिटं कमी पडतील.

आणि मॅडम, काचेच्या नळ्या तुम्ही कुठून आणता? आमच्याकडे पुरवठ्यात प्लास्टिकच्याच येतात.