व्हॅन गॉग की फान खॉख? डच नावं मराठीत कशी लिहावीत?

चित्रवेडी: परवा एका लेखात चित्रकार विन्सेंटचं आडनाव पुन्हा ‘व्हॅन गॉग’ असं वाचलं आणि खटकलं. नेदरलँड्समध्ये त्याला साधारण ‘फान खॉख’ म्हणतात. त्यातला ‘ख’सारखा घशातला आवाज इंग्रजांकडे नाही, म्हणून ते ‘गॉफ’ नाहीतर ‘गो’ म्हणतात. आपल्या कानाला तो उर्दू गझलांमुळे ओळखीचा आहे. मग इंग्रजांची अडचण आपण का उचलायची? भारतीय क्रिकेट संघाचे साहाय्यक प्रशिक्षक टेन डूसखाते यांचं ‘डोशेट’ होतं तेही इंग्रजी वाचनामुळेच. डचमध्ये ‘ओ-ई’ म्हणजे ‘ऊ’ आणि ‘एस-सी-एच’ म्हणजे ‘स्ख’. एवढे दोन नियम कळले तरी निम्मी नावं सुधारतील.

जुना वाचक: पटलं नाही. आपण लिहितो ते मराठी वाचकासाठी. ‘फान खॉख’ वाचून सूर्यफुलांचा चित्रकार किती जणांना आठवेल? शिवाय आपला ‘ख’ हवा अडवून सोडलेला, त्यांचा नुसता घासत जाणारा. म्हणजे एक चूक काढून दुसरी घातली. आणि उच्चार कुठला धरणार? विन्सेंट दक्षिणेकडच्या ब्राबांतचा. तिकडे हा आवाज मऊ असतो, आम्सटरडॅमसारखा खरखरीत नाही. त्याने स्वतःच १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लहून भावाला लिहिलं होतं की प्रदर्शनाच्या यादीत माझं नाव ‘विन्सेंट’ एवढंच द्या, इथल्या लोकांना आडनाव म्हणता येणार नाही.

चित्रवेडी: काका, ते पत्र माझ्याच बाजूचं आहे! आडनावाची मोडतोड होण्यापेक्षा ते गाळलेलं बरं, असं त्याला वाटलं. इतकी त्याला त्या उच्चाराची किंमत होती.

आइंडहोवनची सून: मी इथे नेदरलँड्समध्ये सहा वर्षं राहते. आल्या आल्या एका आजोबांना ‘शेवेनिंगेन’चा रस्ता विचारला, तर त्यांना गावच कळेना. कागदावर लिहून दाखवलं तेव्हा म्हणाले, “हां, स्खेवेनिंगं!” दुसऱ्या महायुद्धात जर्मन माणूस ओळखायला हाच शब्द म्हणायला लावत, असं इथे सांगतात. तेव्हा ताई म्हणतात ते बोलण्यापुरतं शंभर टक्के खरं. पण लिहिताना मीही अडते. फुटबॉलपटू योहान क्रौफच्या नावातला ‘यू-आय’ ना ‘औ’ आहे, ना ‘आय’. ओठ गोल करून जीभ पुढे न्यावी लागते. त्याला देवनागरीत अक्षरच नाही. मी ‘औ’ लिहिते, त्यातल्या त्यात जवळचं म्हणून.

वेंगुर्लेकर: आमच्या गावात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. ते १६३७ मध्ये आले आणि त्यांच्या कागदांत वेंगुर्ल्याचं ‘विंगुर्ला’ झालं. त्यांच्या जिभेला जे जमलं ते त्यांनी लिहिलं. तोच हक्क मराठीलाही आहे. रुळलेलं नाव सुखाने राहू द्या.

चित्रवेडी: दादा, ‘व्हॅन गॉग’ मराठी जिभेने घडवलेलं असतं तर मी गप्प बसले असते. ते इंग्रजीतून उसनं आलंय, दुखणं ते आहे.

जुना वाचक: हा मुद्दा मात्र मला मान्य. नव्या नावांना तुमचा नियम लावा, डूसखाते लिहा. पण विन्सेंटला हात लावू नका. उद्या ग्रंथालयाच्या सूचीत त्याला ‘व’खाली शोधायचं की ‘फ’खाली?

आइंडहोवनची सून: काका, इथे ‘फान’ बाजूला ठेवून आडनाव ‘जी’खाली लावतात. म्हणजे तुमच्या हिशेबाने ‘ग’, ताईंच्या हिशेबाने ‘ख’. शेजारशेजारचीच अक्षरं आहेत.