शिक्षक टिकवायचे तर ताणमुक्ती शिबिर नको, ऑफ तास द्या

खडू_डस्टर (धागाकर्ता):
शिक्षक वैतागून सोडून जायला लागले की शाळांचा ठरलेला उपाय म्हणजे ताणमुक्ती शिबिर. तेही सुट्टीच्या दिवशी, सक्तीचं! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण असंच त्याचं वर्णन केलं. मग उपायही कामातच शोधायला हवा, आणि शाळेतलं काम वाटतात मुख्याध्यापक. बदली तासांचंच बघा, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाऐवजी घ्यायचे तास. दोघं रजेवर असली की पर्यवेक्षक वही घेऊन स्टाफरूमच्या दारात हजर: "मॅडम, तिसरा तास ऑफ आहे ना तुमचा?" वह्यांचा गठ्ठा मग घरी. आठवड्यातले दोन ऑफ तास तरी कुणी हात न लावण्याचे, असं वेळापत्रकातच छापून टाका.

जुना_मुख्याध्यापक:
असहमत. दोघं रजेवर, वर एक पद रिकामं, आणि तुमचे ऑफ तास राखीव. वर्गावर कोण उभं राहणार? भरती, पगार, वरून 'आजच पाठवा' म्हणून येणारी माहितीपत्रकं, यातलं काहीच आमच्या हातात नसतं. युनेस्को म्हणते २०३० पर्यंत जगाला आणखी ४.४ कोटी शिक्षक लागतील. ती तूट मुख्याध्यापकाने कुठून भरून काढायची?

खडू_डस्टर:
सर, तूट मान्य. पण युनेस्कोच्याच आकड्यांत प्राथमिक शिक्षकांच्या गळतीचं प्रमाण २०१५ मधल्या ४.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ९ टक्क्यांवर गेलंय. नुसती भरती करून भागणार आहे का? शिक्षकांच्या गळतीचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड इंगरसॉल यांनी २००१ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासली, तेव्हा निवृत्त होणाऱ्यांपेक्षा नाराज होऊन किंवा दुसरी नोकरी धरून जाणारेच कितीतरी जास्त निघाले. नाराजीच्या कारणांत पगार होताच. शिवाय प्रशासनाचं पाठबळ नसणं आणि निर्णयात कुणी न विचारणंही होतं. ही शेवटची दोन तरी तुमच्या केबिनमधली आहेत ना?

दुसरी_घंटा:
मी शाळा सोडली ती पाठबळापायीच. गुण कमी पडले म्हणून एक पालक तावातावाने आले. मुख्याध्यापकांनी मला चालू तासातून बोलावलं आणि उत्तरपत्रिका न उघडताच, "मॅडम, सॉरी म्हणा, मिटवून टाका." आताच्या शाळेत तक्रार आधी ऑफिसात लेखी द्यावी लागते, मग भेटीची वेळ मिळते, आणि भेटीला पर्यवेक्षक शेजारी बसतात. निम्मे पालक लिहितानाच शांत होतात! पगार थोडा कमी आहे, पण मी तिथेच आहे.

मागचा_बाक:
एक कडू गोष्ट मीच बोलतो. स्टाफरूममधले काही जण वर्षानुवर्षं 'थकलेले' असतात आणि त्यांची निकालपत्रकं भलतेच कुणीतरी भरत असतात. मुख्याध्यापक त्यांना काही बोलत नाहीत. जो नाही म्हणत नाही त्याच्याच गळ्यात स्नेहसंमेलन, सहल, परीक्षा विभाग. ऑफ तास वाटण्याआधी ही कामं कुणाकडे किती आहेत त्याचा तक्ता भिंतीवर लावा. बघा किती जणांची तोंडं उतरतात.

जुना_मुख्याध्यापक:
तक्ता लावला की दुसऱ्या दिवशी माझ्याविरुद्ध अर्ज जातो, तेवढं लिहायचं राहिलं. पालकांच्या लेखी तक्रारीचं मात्र पटलं. ऑफ तासांवर मी अजून ठाम आहे. फार तर पाठटाचणांची (पाठ कसा शिकवायचा त्याच्या लेखी आखणीची) दर आठवड्याची तपासणी बंद करून वेळ मोकळा करता येईल. पण अधिकारी तपासणीला आले तर काय दाखवू?

मागचा_बाक:
गेल्या वर्षीचंच टाचण, नवीन तारीख घालून. आताही तेच बघताय की सर!