रोटरी व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो : जुना क्रँक पुन्हा बांधावा की पोर्टची कडा भरून घ्यावी?

नमस्कार. मी चाळीसगावचा. वडिलांची 150 सीसीची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर मी स्वतः दुरुस्त करून रोज वापरतो. तिच्या इंजिनात वेगळा व्हॉल्व्ह नाही. क्रँकशाफ्टच्या एका चकतीची कडा काही भागात कापलेली असते आणि तो कापलेला भाग क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) पोर्टसमोर असेल तेवढाच वेळ कार्ब्युरेटरमधून मिश्रण आत येते; हाच तिचा रोटरी व्हॉल्व्ह.

दिवाळीनंतर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वाजू लागले, म्हणून बाजारात मिळाला तो नवा क्रँकशाफ्ट बसवला. तेव्हापासून गावात सावकाश चालवताना कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा उलटा बाहेर येतो, एअर फिल्टर ओला होतो आणि गाडी सिग्नलला बंद पडते. कन्नडच्या घाटात रेस चढली, की मात्र ती पूर्वीपेक्षा जोरात ओढते.

शंका आल्यावर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) क्रँकला लावून पोर्ट उघडण्या-बंद होण्याची वेळ मोजली. टीडीसीजवळ, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूजवळ, तो बराच काळ जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे नजरेने टीडीसी ठरवली तर सहज चूक होते. म्हणून प्लगच्या छिद्रात स्टॉपर बसवून दोन्ही बाजूंच्या वाचनांचा मध्य घेतला. जुना क्रँक जपून ठेवला होता, तोही त्याच केसमध्ये बसवून तपासला. जुन्या क्रँकवर पोर्ट टीडीसीपूर्वी 112 अंशांवर उघडतो आणि नंतर 56 अंशांवर बंद होतो. नव्यावर हेच आकडे 118 आणि 74 आहेत. चकती आणि पोर्टच्या पृष्ठभागातील फटीत 0.05 मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) जेमतेम जातो, तेव्हा गळतीचा संशय मी सोडला आहे.

माझी समजूत अशी : टीडीसीनंतर पिस्टन खाली येऊ लागला की क्रँककेसमधला दाब वाढतो. वेग जास्त असेल तर आत येणारा प्रवाह आपल्या संवेगाने त्या दाबाविरुद्धही येत राहतो. वेग कमी असेल तर तेच मिश्रण परत फिरते आणि कार्ब्युरेटरमधून पुन्हा पुन्हा जाताना दर वेळी जादा पेट्रोल उचलते. शर्यतीसाठी उशिरा बंद होणे फायद्याचे असते. पूर्व जर्मनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या 125 सीसी इंजिनातून 1961 पर्यंत सुमारे 25 अश्वशक्ती काढली, तीही चकतीच्या व्हॉल्व्हवरच. पण ते इंजिन बाजारातल्या गर्दीत चालवायचे नव्हते.

मिस्त्री मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पूर्ण रेसला पेट्रोल सोडणारे छिद्र) लहान करायला सांगतात. मला ते पटत नाही, कारण त्याने घाटात पूर्ण रेसला मिश्रण पातळ होईल आणि आमच्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात पिस्टन जाम होण्याची भीती आहे.

आता विचारायचे ते हे. चकतीचे कापलेले धातू परत येणार नाही, परंतु चकती ज्या दिशेने फिरते त्या दिशेची पोर्टची कडा ॲल्युमिनियम वेल्डिंगने भरली, तर उघडण्याची वेळ न बदलता बंद होण्याची वेळ अलीकडे आणता येईल असे वाटते. वेल्डिंगच्या उष्णतेने केस वाकून ती 0.05 मिमीची फट बिघडते का? की जुन्या चकत्या प्रेसवर उघडून त्यांत नवा रॉड, पिन आणि बेअरिंग बसवणे अधिक भरवशाचे आहे? तसे असेल तर जळगाव किंवा धुळ्यात दोन्ही चकत्या जुळवून डायल गेजवर क्रँक सरळ करून देणारा कारागीर कसा ओळखावा, आणि काम झाल्यावर रन-आऊट (फिरताना शाफ्ट किती डगमगतो ते माप) किती आला तर तो क्रँक स्वीकारावा, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.